वू, वू-वेइ, त्झू-रान : शून्य, निष्क्रियता आणि निसर्ग हे शब्द खरंच चालतात का?

शिवारवाट

गेले आठ महिने आम्ही चौघं मित्र दर रविवारी रात्री ताओ ते चिंग वाचतोय, लाओ त्झूच्या नावावरचं ते जुनं चिनी पुस्तक. पुस्तक एवढंसं, ८१ प्रकरणं, मूळ चिनीत जेमतेम पाच हजार अक्षरं, पण एकेका प्रकरणात दोन दोन तास जातात. समोर दोन-तीन इंग्रजी भाषांतरं ठेवतो, बोलतो मराठीत, आणि दर वेळी त्याच तीन शब्दांपाशी येऊन थांबतो. वू, वू-वेइ आणि त्झू-रान. तोंडात पटकन येतात ते शब्द म्हणजे शून्य, निष्क्रियता, निसर्ग. आणि मला दिवसेंदिवस वाटायला लागलंय की हे तिन्ही आपल्याला भलत्याच वाटेला लावतात, म्हणून हा धागा.

आधी वू. ११व्या प्रकरणात लाओ त्झू चाकाचं उदाहरण देतो. तीस आरे एका तुंब्यात (चाकाच्या मधल्या गड्ड्यात) येऊन बसतात, पण तुंब्याच्या मधे जिथे काहीच नाही त्याच्यामुळे गाडी गाडी होते. माझे आजोबा सुतार होते, बैलगाडीची चाकं करायचे, त्यामुळे हे वाचताना मला डोळ्यासमोर आमचं अंगण दिसतं. तुंब्याचं भोक पाडायचं काम ते कुणाला देत नसत. भोक सैल झालं तर चाक लडबडतं, घट्ट झालं तर आस धरून ठेवतं आणि बैलांचे हाल होतात. म्हणजे ते "काही नाही" मापाचं लागतं! लाकडाइतकंच ते सुद्धा घडवावं लागतं. शून्य म्हटलं की आपल्याला एकदम आकाशाएवढं, अथांग, ध्यानात दिसणारं काहीतरी वाटतं, पण या प्रकरणातलं वू तसं नाहीये, ते चाकात आहे, मडक्यात आहे, खोलीत आहे, त्याला कड आहे. मला "नसणं" हा साधा शब्द जास्त बरोबर वाटतो. यौ म्हणजे असणं, वू म्हणजे नसणं. दुसऱ्या प्रकरणात तर दोघं एकमेकांना जन्म देतात असंच म्हटलंय, म्हणजे जोडी आहे ती.

त्झू-रानचं तर फारच वाटोळं झालंय. त्झू म्हणजे स्वतः, रान म्हणजे असं, तसं. आपलं आपण तसं असणं. यात झाडं, डोंगर, नद्या कुठेच नाहीत. आजच्या चिनीत निसर्गाला हाच शब्द वापरतात हे खरं, पण तो अर्थ पक्का झाला एकोणिसाव्या शतकात, युरोपातली पुस्तकं आधी जपानीत आणि मग चिनीत यायला लागली तेव्हा. पुरावा पाहिजे तर १७वं प्रकरण घ्या. सगळ्यात चांगला राजा कोण, तर जो आहे एवढंच लोकांना माहीत असतं, आणि काम पार पडलं की लोक म्हणतात "आम्ही आपलेच असे झालो", तिथे शब्द आहे त्झू-रान. आता तिथे निसर्ग घालून बघा, वाक्याला अर्थच राहत नाही. मला "आपसूक" सुचतोय. २५व्या प्रकरणातलं ते प्रसिद्ध वाक्य, माणूस जमिनीकडून शिकतो, जमीन आकाशाकडून, आकाश ताओकडून आणि ताओ त्झू-रानकडून, तिथेही "ताओ निसर्गाकडून शिकतो" म्हटलं की ताओच्या वर अजून कुणीतरी बसलंय असं वाटतं. पण तिथे म्हणायचंय की ताओच्या वर कुणी नाही, तो आपसूक आहे.

वेइ म्हणजे करणं, पण वू-वेइबद्दल मला स्वतःलाच नीट सांगता येत नाहीये. सांगा प्लीज.

दर्यावर्दी

निष्क्रियता तर अजिबात नको. ६०वं प्रकरण बघा, मोठं राज्य चालवणं म्हणजे छोटे मासे शिजवण्यासारखं, सुरुवातच ही. ज्याने मांदेली तळलीय त्याला हे समजावावं लागत नाही. तवा आधी नीट तापलेला पाहिजे, मासा कोरडा पाहिजे, आणि एकदा ठेवला की हात मागे, सारखं उलथनं घातलं की ताटात मासा नाही चुरा येतो. आणि हात मागे घेतलाय म्हणजे तुम्ही काही करत नाही असं नसतं हो, सगळं लक्ष आवाजावर असतं, तेलाचा चर्र आवाज बदलला की उलटायचं, आणि एकदाच. कडक कायद्यांचा पुरस्कर्ता हान फेइ त्झू, त्याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात या वाक्याचा असाच अर्थ लावलाय, छोटा मासा सारखा हलवला तर त्याची झिलई जाते, मोठ्या राज्यात सारखे कायदे बदलले तर लोकांचे हाल होतात.

आणि च्वांग त्झूचा (ताओ विचारातलं दुसरं मोठं पुस्तक) खाटीक विसरू नका. राजासमोर बैल कापतो तो, डिंग नावाचा. म्हणतो साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो कारण तो घाव घालतो, चांगला वर्षाला बदलतो कारण तो कापतो, माझी सुरी १९ वर्षांची आहे, हजारो बैल झाले तरी आत्ताच सहाणेवरून उतरल्यासारखी आहे. का, तर सांध्यांमधे फट असते आणि पात्याला जाडी नसते, जाडी नसलेलं फटीत घातलं की जागाच जागा. बघा इथे पण ते नसणंच कामाला आलंय. पण लोक पुढचं वाचत नाहीत. तो म्हणतो गुंतागुंतीचा सांधा आला की मी सावध होतो, नजर तिथेच ठेवतो, हात हळू करतो, सुरी अगदी किंचित हलवतो. म्हणजे सगळं सहज, मस्त, वाहत जायचं असं नाहीये ते. अवघड जागी तो थांबतो. मला तरी वू-वेइ म्हणजे "जोर न लावणं" वाटतं.

अर्धवर्तुळ

धागा छान. पण शून्य शब्द इतक्या सहज टाकू नका असं वाटतं. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यता आणि हे वू यात काहीच नातं नाही का? आणि गीतेत ४.१८ला कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणारा तो बुद्धिमान असं आहेच की. मला तरी एकाच डोंगरावर चढायच्या वेगळ्या वाटा वाटतात.

चहाची_पानं

चिनी शिकवते, म्हणून थोडं लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

अर्धवर्तुळ, नातं आहे पण ते नंतर जोडलं गेलं, आणि जोडताना चूक झाली हे त्या लोकांनाच कळलं. बौद्ध ग्रंथ चिनीत यायला लागले तेव्हा शून्यतेसाठी शब्द नव्हता, मग सुरुवातीच्या लोकांनी हाताशी असलेला वू वापरला. नंतर कुमारजीव हा बौद्ध भाषांतरकार ४०१ साली छांगआन या राजधानीला पोचला, त्याची भाषांतरं आली, आणि मग खोंग हा शब्द घट्ट बसला. खोंग म्हणजे रिकामं. कारण शून्यता म्हणजे वस्तूला स्वतःचा असा स्वभाव नसणं. आणि लाओ त्झूच्या वूमधून तर वस्तू जन्मतात! ही दोन वेगळी बोलणी आहेत.

याची उलटी गोष्ट पण आहे आणि ती आपल्या बाजूची आहे. ६४७ साली तांग सम्राट थायत्सोंगने ह्युएन त्संगला ताओ ते चिंगचं संस्कृत भाषांतर करायला सांगितलं. हाच तो ह्युएन त्संग, जो काही वर्षं आधी महाराष्ट्रात येऊन पुलकेशीबद्दल लिहून गेला. भाषांतराला ताओपंथी पंडित पण बसवले होते आणि पहिल्याच शब्दावर भांडण झालं. पंडितांचं म्हणणं ताओ म्हणजे बोधि लिहा. ह्युएन त्संग म्हणाला नाही, ताओ म्हणजे रस्ता, "मार्ग" लिहा. मला हा माणूस इथे फार आवडतो. बोधि लिहून दोन्ही धर्म एक करून टाकणं किती सोपं होतं, पण तो शब्दाशी प्रामाणिक राहिला. शिवारवाट, तुम्ही जे करताय त्याची परंपरा तेराशे वर्षांची आहे!

आता ४०व्या प्रकरणाबद्दल. छापील पुस्तकात असतं, सगळ्या वस्तू असण्यातून जन्मतात आणि असणं नसण्यातून जन्मतं. म्हणजे आधी नसणं, मग असणं, मग वस्तू, शिडीसारखं. वांग बी नावाच्या टीकाकार मुलाने (मुलगाच म्हणते, २२६ ते २४९, एवढंच आयुष्य) याच्यावर सगळी इमारत उभी केली की वू हेच मूळ. पण १९९३ला हुबेइमधे ग्वोद्यानच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या, इ.स.पू. ३००च्या आसपासच्या, त्यात लाओ त्झूचा साधारण दोन हजार अक्षरांचा मजकूर आहे आणि हे प्रकरण पण आहे. तिथे "यौ" एकदाच लिहिलंय. मग वाचायला येतं, वस्तू असण्यातून जन्मतात, नसण्यातून जन्मतात. शिडी गेली! दोघं शेजारी शेजारी. आता लिहिणाऱ्याकडून पुनरुक्तीची खूण (आधीचा शब्द पुन्हा वाचा असं सांगणारी) राहिली की मुळातच असं होतं यावर वाद आहे, पण मला दुसरं पटतं कारण ते तुमच्या दुसऱ्या प्रकरणातल्या जोडीशी जुळतं.

अर्धवर्तुळ

हे मला माहीत नव्हतं, ४०व्या प्रकरणाचं तर अजिबात नाही. शून्यतेचं मागे घेतो. पण गीतेचं?

शिवारवाट

अर्धवर्तुळ, गीतेत प्रश्न करणाऱ्याच्या मनाचा आहे ना, फळाची इच्छा आहे का, मी करतो ही भावना आहे का. युद्ध तर करायचंच आहे. लाओ त्झू युद्धाकडेच वेगळ्या नजरेने बघतो, ३१व्या प्रकरणात म्हणतो लढाई जिंकलात तरी अंत्यविधीसारखं वागा. त्याचा प्रश्न समोरच्या वस्तूचा आहे, तुम्ही हात घातल्यावर तिचं काय होतं. ६४व्यात आहे बघा, ज्ञानी माणूस सगळ्या वस्तूंच्या आपसूकपणाला मदत करतो आणि वेइ करायला धजत नाही. मदत करतो हा शब्द आहे तिथे!! मला वाटतं त्झू-रान आणि वू-वेइ ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, एक वस्तूकडचं, एक माझ्याकडचं.

तांबडं_फुटलं

सगळे फारच प्रेमात पडलेत म्हणून दुसरी बाजू मांडते. तिसरं प्रकरण वाचलंत का? तिथे राज्यकर्त्याला सांगितलंय, लोकांची मनं रिकामी करा, पोटं भरा, इच्छा कमकुवत करा, हाडं बळकट करा, लोकांना ज्ञान आणि इच्छा नसू देत. हे पण वूच आहे ना? लोकांच्या डोक्यात केलेलं नसणं. आणि मग त्याला वू-वेइ म्हणायचं. राजाने काही करायचं नाही आणि प्रजेने काही विचारायचं नाही. हान फेइ त्झूला हे पुस्तक आवडलं यात मला नवल वाटत नाही, त्याला लोकांना कायद्याच्या दांडक्याखालीच ठेवायचं होतं. ज्यांच्यावर राज्य केलं जातं त्यांच्या बाजूने वाचलं की हे पुस्तक इतकं गोड लागत नाही.

चहाची_पानं

तांबडं_फुटलं, हा आक्षेप खरा आहे आणि भाषांतर गुळगुळीत करून तो लपवू नये. पण प्रत्यक्षात काय झालं ते पण बघू. चीनचं पहिलं साम्राज्य, छिन, कायदे, वेठबिगार आणि शिक्षा यांच्या ओझ्याखाली पंधराएक वर्षांत कोसळलं, मग यादवी, मग हान घराणं आलं. इ.स.पू. १९३ला छाओ शेन महामंत्री झाला. त्याने गाइ गोंग नावाच्या गुरूकडून शिकलेलं, कारभारात शांतपणा मोलाचा, लोक आपसूक स्थिर होतात. आधीच्या महामंत्र्याचा एकही नियम त्याने बदलला नाही. बोलघेवडे, नावासाठी कडक वागणारे कारकून काढले, साधे वयस्क ठेवले. तरुण सम्राट वैतागला, की हा नुसता पितोय काय दिवसभर. तेव्हा छाओ शेन म्हणाला, तुम्ही तुमच्या वडलांपेक्षा मोठे आहात का? नाही. मी आधीच्या महामंत्र्यापेक्षा हुशार आहे का? नाही. मग त्यांनी घालून दिलेलं आपण नीट पाळलं तर बिघडलं कुठे. लोकांनी त्याच्यावर गाणं केलं. पुढे जमीन-सारा पंधराव्या हिश्श्यावरून तिसाव्यावर आला. युद्धाने पिचलेल्या शेतकऱ्याला ही मोकळीक केवढी असेल विचार करा.

पण तुमच्या बाजूचंही सांगते, त्याच मोकळिकीत सरदार-राजे इतके माजले की इ.स.पू. १५४ला सात राज्यांनी बंड केलं. हात मागे घेतला की फक्त गरीबच मोकळा होतो असं नाही, दांडगा पण होतो.

तांबडं_फुटलं

शेवटचं वाक्य पटलं. म्हणजे मासे कोणाचे आणि तवा कोणाचा हे विचारायलाच पाहिजे.

मृण्मयी_सांज

मी तत्त्वज्ञान शिकलेली नाही, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. थेरपी सुरू होती, तिचा उपयोगही झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी मी काय करत होते, तर सकाळी उठल्यापासून "हे काय आहे बाळा, म्हण, म्हण ना", ताटातला प्रत्येक घास म्हणजे परीक्षा, बागेत गेलो तरी कावळा म्हण, झाड म्हण. तो माझ्याकडे बघायचाच थांबला. त्या दिवसांत कुणीतरी मला च्वांग त्झूमधली हुनतुनची गोष्ट पाठवली. दक्षिण समुद्राचा राजा आणि उत्तर समुद्राचा राजा मधल्या प्रदेशाच्या राजाकडे, हुनतुनकडे, भेटायचे. हुनतुन त्यांचं फार प्रेमाने करायचा. याची परतफेड करू म्हणून दोघं म्हणाले, सगळ्या माणसांना बघायला, ऐकायला, खायला, श्वास घ्यायला सात भोकं असतात, याला एकही नाही, आपण पाडून देऊ. रोज एक भोक पाडलं. सातव्या दिवशी हुनतुन मेला.

मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. त्या दोघांचं प्रेम होतं हो त्याच्यावर. तेच सगळ्यात लागलं. त्यानंतर मी थेरपीच्या वेळेबाहेर विचारणं बंद केलं, नुसती त्याच्या शेजारी बसायचे, तो गाड्या ओळीने लावायचा तर मी पण लावायचे. काही जादू झाली नाही, पण तो परत माझ्याकडे बघायला लागला. मला वू-वेइ म्हणजे काय ते विचाराल तर मी हेच सांगेन, जोर न लावणं मला पुरेसं वाटत नाही, मी जोर लावतच नव्हते, मी प्रेमानेच विचारत होते.

दर्यावर्दी

ताई, "जोर न लावणं" मागे घेतो. तुम्ही म्हणताय ते जास्त खोल आहे.

चहाची_पानं

मृण्मयी, तुमचं वाचून पुस्तक काढून बसले आणि एक गोष्ट दिसली जी इतकी वर्षं शिकवताना माझ्या लक्षात आली नव्हती. हुनतुनला भोकं पाडली तिथे क्रियापद आहे "त्झाओ", छिन्नीने कोरणं. आणि शिवारवाट यांच्या ११व्या प्रकरणात खोलीला दारं-खिडक्या कोरून खोली करतात, तिथेही तेच अक्षर, त्झाओ! (कोरतात म्हणजे उत्तर चीनच्या पिवळ्या मातीच्या कड्यात खोदलेली घरं असावीत असं काही जण म्हणतात.) एकाच छिन्नीने एकीकडे राहायला जागा होते आणि दुसरीकडे जीव जातो. पुस्तकं वेगळी, लिहिणारे वेगळे, एकाने दुसऱ्याला उत्तर दिलंय असा माझा दावा नाही. पण म्हणजे नसणं चांगलं आणि कोरणं वाईट असं सरळ समीकरण मांडता येत नाही.

अजून एक. वेइ या अक्षराचं सगळ्यात जुनं रूप, भविष्य बघायच्या हाडांवर कोरलेलं, त्यात एक हात आहे आणि त्या हाताने धरलेला हत्ती. शांग काळात (तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी) होनानमधे हत्ती होते. लाओ त्झूच्या काळापर्यंत त्याचा अर्थ नुसता "करणं" झाला होता, त्यामुळे यावरून सिद्ध काही होत नाही, पण चित्र डोक्यातून जात नाही माझ्या.

शिवारवाट

हात आणि हत्ती! मग च्वांग त्झूच्या १७व्या प्रकरणातलं वाक्य इथेच यायला पाहिजे. बैलाला आणि घोड्याला चार पाय आहेत ही आकाशाची करणी, घोड्याच्या तोंडाला म्होरकी घालणं आणि बैलाचं नाक टोचणं ही माणसाची. आमच्याकडे खोंडाला वेसण घालताना मी लहानपणी बघितलंय. चार माणसं धरतात, आणि ते खोंड नंतर दोन दिवस दाव्याला उभं असतं मान खाली घालून. हे पण भोकच. तुंब्याचं भोक लाकडाला विचारून पाडत नाहीत हे कबूल, पण लाकडाला कुठे जायचं नव्हतं. खोंडाला होतं.

आणि यावर ग्वो श्यांग, ज्याच्या हाताखालून आजचं ३३ प्रकरणांचं च्वांग त्झू आपल्यापर्यंत आलं (इ.स. ३१२मधे गेला), काय लिहितो माहितीये? बैलघोडे टोचून घ्यायला, म्होरकी घालून घ्यायला नकार देत नाहीत, कारण ते त्यांच्या नशिबातच बसतं. हा माणूस बाकी केवढा तल्लख, वू म्हणजे नाहीच, मग नाही ते कशाला जन्म देईल, प्रत्येक वस्तू आपली आपण होते, हे त्याने किती स्वच्छ मांडलंय. पण इथे चुकला. नकार देत नाहीत?? चार माणसं कशाला लागतात मग.

तांबडं_फुटलं

हेच म्हणत होते मी. आपसूक हा शब्द दांडग्याच्या हातात गेला की असं होतं. तुझं नशीबच ते, तू आपसूकच असा. भाषांतरात त्झू-रानला आपसूक घ्या, माझी हरकत नाही, पण "जात्याच" नको. तो शब्द आपल्याकडे कोणी कोणाला कसा वापरलाय ते आपल्याला माहितीये.

शिवारवाट

बरोबर. जात्याच आमच्या यादीत होता, काढला.

११व्या प्रकरणाचा कच्चा खर्डा टाकतोय, सगळ्यांनी बघा :

तीस आरे एका तुंब्यात बसतात
जिथे काही नाही, तिथे गाडीचा उपयोग
माती मळून भांडं करतात
जिथे काही नाही, तिथे भांड्याचा उपयोग
दारं खिडक्या कोरून खोली करतात
जिथे काही नाही, तिथे खोलीचा उपयोग
म्हणून असण्याने सोय होते
नसण्याने उपयोग होतो

अर्धवर्तुळ

सुंदर. शेवटच्या दोन ओळीत सोय आणि उपयोग हा फरक मुळात आहे का?

चहाची_पानं

आहे. ली आणि योंग, दोन वेगळी अक्षरं. ली म्हणजे फायदा, हाताला लागणारी गोष्ट. "सोय" थोडं हलकं पडतंय पण "नफा" नको.

मृण्मयी_सांज

"हाती लागतं" चालेल का? असण्याने हाती काही लागतं, नसण्याने ते वापरता येतं.

शिवारवाट

हे फार चांगलं आहे. "हाती लागतं" घेतो. आज रविवारच आहे, रात्री मोठ्याने वाचून बघतो कसं वाटतं ते. आणि पुढच्या वेळी ४०वं घेतोय, ग्वोद्यानच्या पाठाप्रमाणे, चहाची_पानं तुम्ही याल का? साडेनऊला बसतो आम्ही.

चहाची_पानं

येते. माझ्याकडे तेव्हा बारा वाजलेले असतात, पण येते.